बंद घरांच्या नावाने आलेली बिले

शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात, ऊसतोडीच्या टोळ्या हंगाम संपवून परतल्या त्याच आठवड्यात, लोकांनी एका किराणा दुकानदाराला त्याच्या दुकानात कोंडले आणि बाहेरून शटर ओढले. वेळ सकाळची होती. माझ्या निवृत्तीला तेव्हा वर्षभर राहिले होते आणि त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सेवेतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळली आहेत. या प्रकरणाचा पहिला दिवस मात्र मला सलग सांगता येतो.

फोन पोलीस पाटलांचा होता. "साहेब, माणूस दुकानात कोंडलाय अन् अर्धं गाव बाहेर हाय. गाडी काढा."

हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली. त्या बीटचे हवालदार आणि दोन शिपाई घेऊन मी निघालो. हे हवालदार त्याच भागातले. गावातल्या निम्म्या लोकांशी त्यांचे कुठून ना कुठून नाते निघे. जीपमध्ये ते एवढेच म्हणाले, "दुकान अप्पाचं असंल तर कायतरी घोटाळा हाय. अप्पाला कोंडणारं गाव न्हाई ते."

दुकान अप्पाचेच होते. लिंगायत घरातला, साठी ओलांडलेला माणूस. आजोबांपासून किराणा आणि थोडी कोरडवाहू शेती. शटर वर केले तेव्हा तो ज्वारीच्या पोत्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होता. कपाळावरचा भस्माचा पट्टा घामाने ओघळला होता.

"आत या साहेब," तो म्हणाला. "भायेर उभं राह्यलात तर तुमाला बी कोंडतील."

गर्दीच्या पुढे चाळिशीची एक बाई उभी होती. फडावरून येऊन चार दिवस झाले होते; उसाच्या पाचटाने कापलेल्या हातांवरचे ओरखडे अजून ताजे होते. तिच्या मुठीत एक कागद होता. तो तिने माझ्यासमोर धरला.

"ह्यो बघा. ह्याचं पैसं अप्पानं आमच्याकून घेतलं. ग्रामपंचायतीत गेलते, तितं म्हणले असलं बिलच आमी काढत न्हाई. मंग हे काढलं कुणी?"

मागून आवाज आला, "ज्यानं पैसं घेतलं त्यानं."

वाद समजून घ्यायला त्या गावची एक पद्धत माहीत असावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, लेकरे बरोबर. घराला कुलूप लागते ते उन्हाळ्यात निघते. या काळात आलेले टपाल पोस्टमन अप्पाच्या दुकानात ठेवी. विजेचे बिल असो, घरपट्टी असो, अप्पा आपल्या पदरचे पैसे भरून मोकळा होई आणि माणूस परतला की हिशेब करी. वरचे काही तो घेत नव्हता. त्याचा फायदा एवढाच, की परतलेला माणूस वर्षाचा किराणा त्याच्याकडूनच भरी. हे दोन पिढ्या चालत आले होते आणि त्याबद्दल कधी कोणाची तक्रार नव्हती.

त्या हंगामात एक नवे बिल आले. अप्पाने नेहमीप्रमाणे भरले आणि लोक आल्यावर पैसे मागितले. काहींनी दिले. या बाईनेही दिले. मग तिची नळपट्टी बाकी होती म्हणून ती ग्रामपंचायतीत गेली, तिथे सहज हा कागद दाखवला, आणि ग्रामसेवकाने तो परत केला. दुपारपर्यंत गावभर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर ओढले गेले.

अप्पाला आम्ही गर्दीतून काढून ठाण्यात आणले. कोणी हात उचलला नाही, पण एकाने मागून ओरडून सांगितले, "अप्पा, परत येऊ नको बे दुकानात." साठीच्या माणसाला, ज्याला काल मान देत होते त्याला 'बे' म्हणणे त्या गावात साधी गोष्ट नाही. अप्पाने वळून पाहिले नाही.

फिर्याद त्या बाईची घेतली. फिर्याद सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहायची असते. पोलिसाला त्यात आपल्या मनाची भर घालता येत नाही की घटवताही येत नाही. लेखनिक लिहीत होता. मी विचारले, "कुणी फसवलं असं म्हणणं आहे तुमचं?"

"अप्पानं. नाव लिव्हा."

"बिल अप्पानंच छापलं, हे तुम्ही पाहिलं का?"

"पाकिटावर त्याचं नाव हाय. वाचून घेतलं मी मास्तरांकून. अजून काय बघायचं?"

हे खरे होते. प्रत्येक पाकिटावर घरमालकाचे नाव आणि खाली 'मार्फत' म्हणून अप्पाचे नाव, दुकानासह. ग्रामपंचायत किंवा वीज कार्यालय असा पत्ता कधी घालत नाही. या एका ओळीमुळे सगळे गाव फिरले होते, आणि मान्य करायला हवे की कागदावर पाहता संशयाला जागा होती.

फसवणुकीचा गुन्हा नोंदला. संशयित म्हणून अप्पाचे नाव गेले. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. नोटीस देऊन तपासाला बोलावता येते. मी नोटीस दिली. गावाला ते पटले नाही. दुसऱ्याच दिवशी वरिष्ठ कार्यालयात निवेदन गेले, की नाव असलेला आरोपी मोकळा फिरतो आहे. तिकडून मला विचारणा झाली. आठवड्यात प्रगती कळवावी, असे सांगण्यात आले.

अप्पाचा जबाब त्याच दिवशी घेतला होता. असे जबाब घेताना माणूस काय सांगतो यापेक्षा तो कशाने चिडतो, ते मी बघत असे. चोरीचा आरोप अप्पाने शांतपणे ऐकला. चिडला तो दुसऱ्याच प्रश्नावर.

"भरायच्या आधी त्यांना फोन का केला नाही?"

"फोन? फडावर फोन लागतोय व्हय, साहेब? अन् लागला तर काय म्हणत्यात? 'अप्पा, तुमी बघा.' चाळीस वर्षं हेच म्हणत्यात. सरकारी कागद आला की भरायचा. उद्या नळ तोडला, नाव कमी केलं, तर मलाच म्हणतील ना, अप्पा काय झोपलतात का?"

"सरकारी आहे हे कशावरून?"

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "तुमीच सांगा कशावरून न्हाई."

कागद मी नीट पाहिला. वर गोल शिक्का. त्यात चक्र, ओंब्या आणि मध्ये घर. लाल अक्षरांत 'अंतिम सूचना'. ग्राहक क्रमांक, देय दिनांक, विलंब आकार. मधोमध 'घर व मालमत्ता नोंद सुरक्षा, वार्षिक शुल्क'. मुदतीत भरणा न झाल्यास नोंद खंडित होईल, असा इशारा. कोपऱ्यात फोनवरून पैसे भरण्याचा चौकोनी कोड. आणि सगळ्यात खाली, कागदाच्याच रंगाला लागून असलेल्या करड्या शाईत दोन ओळी. त्या वाचायला मला खिडकीपाशी जावे लागले. ही मागणी नसून आमच्या सेवेची माहिती आहे. सहभाग ऐच्छिक आहे.

त्या ओळी मी अप्पाला वाचून दाखवल्या. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "म्हणजे ही जाहिरात हाय?"

"लिहिलंय तसंच."

"जाहिरात, अन् अंतिम सूचना?" गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून तो म्हणाला, "साहेब, ह्याच्यावर हात ठेवून सांगतो, मी एक पैसा..."

शपथ जबाबात लिहिता येत नाही, हे मी त्याला सांगितले. त्याने हात खाली घेतला. या माणसाचा या कागदाशी संबंध नाही, असे मला त्या वेळी वाटले. पण वाटणे पुरावा नसतो. पाकिटावर त्याचे नाव कोणी घातले, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील बँकेकडून मागवला. खाते बीडमधल्या एका खासगी सेवा कंपनीचे होते. जमा रकमा एकेक पाहता किरकोळ, पण पुष्कळ. हवालदारांनी यादीवरून बोट फिरवत एक गोष्ट दाखवली. बिले ज्यांच्या नावाची, त्यांनी पैसे भरलेलेच नव्हते. भरणारे दुसरेच होते. कुठे किराणावाला, कुठे पिठाच्या गिरणीचा मालक, कुठे शिंपी. तलवाड्याकडच्या एका दुकानदाराचेही नाव होते. तिथल्या ठाण्याला फोन लावला. त्या दुकानदाराविरुद्ध तक्रार नव्हती, पण लोकांनी त्याच्याकडचे सामान घेणे बंद केले होते, असे कळले. अप्पा आणि तो एकमेकांना ओळखत नव्हते.

यातून अप्पाची बाजू थोडी सावरली, सुटली नाही. कंपनीने गावोगावी दुकानदारांना हाताशी धरले, असेही कोणी म्हणू शकत होते. गाव तेच म्हणू लागले.

उत्तर मिळाले ते ठाण्याच्या आवारात. साक्षीदारांचे जबाब घ्यायला मी वेगवेगळ्या टोळ्यांतल्या दहा-बारा जणांना बोलावले होते. उन्हाळा कडक, ठाण्याचा पाण्याचा टँकर दोन दिवस आलेला नव्हता, त्यामुळे येताना पाणी घेऊन या, असा निरोप दिला होता. लोक लिंबाखाली बसले होते. मी व्हरांड्यात आलो आणि पाहिले, की बहुतेकांजवळ एकाच जातीचा पाण्याचा जार आहे. निळा, पांढऱ्या झाकणाचा, चांगल्या प्लॅस्टिकचा. टोळ्या वेगळ्या, मुकादम वेगळे, कारखाने वेगळे.

मी फिर्यादी बाईलाच विचारले, "हे जार सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतले का?"

"इकत कशाला घेऊ? फुकट भेटलं."

"कुठं?"

"जाताना. मांजरसुंब्याला ट्रक थांबलतं जेवायला. तितं एक जण वाटत व्हता."

तिच्या शेजारचा माणूस म्हणाला, "आमाला बी तितंच भेटलं. लई भारी हाय, पाणी गार राहतं."

"मला बी एक आणायचं की मंग," हवालदार म्हणाले.

"तुमी कोयता घ्या हातात, तुमाला बी देतील," बाई म्हणाली. लोक हसले. त्या आवारात त्या आठवड्यात पहिल्यांदा कोणी हसले असावे.

मी पायरीवर बसलो. "फुकट दिलं, मग बदल्यात काय घेतलं त्यानं?"

"काय न्हाई. नाव इचारलं. गाव इचारलं."

"आणखी?"

"घरी कोण असतं इचारलं. म्हणलं कोण न्हाई, कुलूप हाय. मंग म्हणला, गावात तुमचं टपाल-बिपाल कोण घेतं? काय काम निघालं तर कुणाला सांगायचं?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबली. शेजारच्या माणसाने तिच्याकडे पाहिले. तिने जार उचलून मांडीवर घेतला, त्याचे झाकण एकदा फिरवले.

"अप्पाचं नाव," ती म्हणाली. "मीच सांगितलं. दुसरं कुणाचं सांगणार?"

बाकीच्यांचेही तेच निघाले. जबाब थांबवून नव्याने घ्यावे लागले. संध्याकाळ होण्याआधी आम्ही मांजरसुंब्याच्या रस्त्याला होतो.

त्या चौकात ढाब्यांची रांग आहे. दक्षिणेकडच्या कारखान्यांना जाणारे ट्रक तिथे थांबतात. तिसऱ्या ढाब्याच्या मालकाला जारवाला आठवत होता. टेम्पो लावून बसायचा, दुपारचे जेवण फोन करून मागवायचा.

"माझ्याकडं नंबर हाय त्याचा," मालक म्हणाला. "पोरगं वाईट न्हाई, साहेब. उधारी ठिवली न्हाई त्यानं."

जारवाला तिशीतला, बीडजवळच्याच एका गावचा, रोजंदारीवर काम करणारा निघाला. आपण काही गुन्हा केला आहे, हे त्याला अजून कळले नव्हते. त्यामुळे त्याने सगळे सरळ सांगितले. कंपनीच्या साहेबाने त्याला दोन सूचना दिल्या होत्या. एक, जार फक्त ऊसतोडीवाल्यांना द्यायचा, इतर प्रवाशांना नाही. दुसरी, घरी म्हातारे-कोतारे कोणी राहत असेल तर त्याचे नाव लिहायचे नाही. कुलूप असलेले घरच लिहायचे.

"अन् जार?" मी विचारले.

"जार त्यांना बी द्यायचा, पण नाव लिव्हायचं न्हाई. मी म्हणलं साहेबाला, कावून असं? म्हणले, तुला काय करायचंय."

कंपनीचा संचालक नोटीस मिळताच हजर झाला. पन्नाशीच्या आतला, इस्त्रीचे कपडे, बरोबर फाइल. असा माणूस ठाण्यात येतो तेव्हा बचाव घरूनच तयार करून आणतो. त्याला तो आधी पूर्ण बोलू द्यावा. मध्ये तोडले की तो सावध होतो.

"साहेब, हे जाहिरातपत्रक आहे," तो म्हणाला. "सरकारचं नाव आम्ही कुठेही वापरलेलं नाही. शिक्का आमचा स्वतःचा आहे. आणि खाली स्पष्ट लिहिलंय, सहभाग ऐच्छिक. कोणी न वाचता पैसे भरले तर त्याला मी काय करणार?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "चहा घेणार?"

चहा आला. त्याने खुर्चीत पाठ टेकली.

आता मला पाकिटांवरच्या 'मार्फत' या ओळीपर्यंत जायचे होते. अप्पाचे काय होणार हे या माणसाच्या तोंडून येणाऱ्या एका वाक्यावर होते. दुकानदार आमच्यात सामील होता, असे तो म्हणाला असता तर अप्पाच्या नावापुढचा संशय कोर्टापर्यंत गेला असता, आणि त्यात वर्षे गेली असती. असे म्हणून स्वतःवरचा भार हलका करण्याची सोय त्याला होती. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा होता, की अप्पाला ओढणे त्याला महाग वाटावे.

"तुमची सेवा ऐच्छिक आहे, ते बघू," मी म्हणालो. "माझा प्रश्न पत्त्यांचा आहे. लोकांची खासगी माहिती दुकानदारांकडून विकत घेतलीत, असं गाव म्हणतं. गावागावात हस्तक नेमले. तसं असेल तर हा कटाचा भाग होतो. फसवणुकीच्या जोडीला कटाचं कलम लागेल, आणि जितके दुकानदार तितके आरोपी."

तो पटकन पुढे झुकला. "अजिबात नाही. दुकानदारांना आम्ही ओळखतही नाही."

"शिरूरकडचा एक आहे. सगळे त्याला अप्पा म्हणतात."

"कोण अप्पा? त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही, साहेब. पत्ते आम्ही कोणाकडून विकत घेतले नाहीत. लोकांनी स्वतःहून दिले, मार्फत कोण तेही त्यांनीच सांगितलं. आमच्या माणसाने मांजरसुंब्याला भेटवस्तू वाटून रीतसर गोळा केलेत. विचारा त्याला."

"विचारलं," मी म्हणालो.

लेखनिक लिहीत होता. हवालदार दाराशी उभे होते. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसले. मलाही खुर्चीत जरा मोकळे बसता आले. पण काम अर्धेच झाले होते.

"एक शेवटचं," मी म्हणालो. "जाहिरात माणसाला पाठवतात. घरात म्हातारी आई असेल तर नाव लिहू नको, कुलूप असेल तरच लिही, असं तुम्ही सांगितलंत. ज्या घरात वाचायला कोणी नाही त्या घराला जाहिरात कशासाठी?"

त्याने फाइल उघडली. बंद केली. "असं मी बोललो नाही."

"तुमचा माणूस बाहेर बसलाय. आत बोलावू?"

त्याने वकिलाला फोन करायची परवानगी मागितली. ती त्याला होतीच.

पुढचे काम नेहमीचे झाले. कार्यालयाची झडती, पंचनामा, संगणक आणि छापील पाकिटांचे गठ्ठे जप्त. गठ्ठ्यांत पुढच्या हंगामाची नवी पाकिटेही तयार होती. जारवाल्यालाही संशयित म्हणून अटक झाली आणि त्याची ओळख परेड कारागृहात नायब तहसीलदारांनी घेतली. पोलिसांना तिथे थांबता येत नाही. निकाल आम्हाला कागदावरच कळला. साक्षीदारांनी त्याला ओळखले होते. संचालकाला अटक झाली, नंतर जामीन झाला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट दाखवली. तोपर्यंत मी समजत होतो की फसवणारा सहज फसेल अशा माणसाला शोधतो. या कंपनीने तसे केले नव्हते. तिने बघितले, की स्वतःच्या नावाचा कागद आला तर माणूस कदाचित दोनदा वाचेल, शेजाऱ्याला दाखवेल, पुढे ढकलेल. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेला कागद मात्र जबाबदार माणूस लगेच भरून टाकतो, कारण मुदत टळली तर बोल त्याला लागणार असतो. सगळी रचना अप्पासारख्या माणसावर होती, आणि पकडले जाण्याची वेळ आली तेव्हा गर्दीच्या हाती पहिला तोच लागावा, ही सोयही त्या 'मार्फत'च्या ओळीत आपोआप झाली होती. त्यानंतर उरलेल्या सेवेत, एखाद्याच्या विरुद्धचा पुरावा पहिल्याच दिवशी फार स्पष्ट दिसला, की तो तिथे कसा पोचला ते मी आधी तपासत असे.

फिर्यादी बाई पुरवणी जबाब द्यायला न बोलावता आली. पहाटेच्या गाडीने निघाली होती. "लिव्हा," ती लेखनिकाला म्हणाली, "अप्पानं काय केलं न्हाई. पत्ता मीच सांगितलता."

"एवढंच?" लेखनिकाने विचारले.

"अजून लिव्हा. त्याला कोंडायला मी पुढं व्हते."

ते प्रकरणाला लागू नव्हते, पण तिने सांगितले म्हणून लिहिले.

दोषारोपपत्रात आरोपी म्हणून संचालक आणि कंपनीचा एक भागीदार अशी दोन नावे गेली. जारवाला माफीचा साक्षीदार झाला. अप्पाबाबत, तपासात सहभाग आढळला नाही म्हणून वगळण्यात येत आहे, असा अहवाल दिला. अशा वेळी न्यायालय फिर्यादीचे म्हणणे ऐकते. मी हजर होतो. हरकत आहे का, असे विचारल्यावर बाई म्हणाली, "हरकत न्हाई. नाव मीच घातलतं, मीच काढते."

न्यायाधीशांनी तिला समजावून सांगितले की ते काम न्यायालयाचे आहे.

"मंग तुमी काढा," ती म्हणाली. "आज काढा. आमाला गाडी हाय दुपारची."

अहवाल त्या दिवशी मंजूर झाला. आदेशाची प्रत आठवड्याने ठाण्यात आली. ती शिपायाबरोबर पाठवता आली असती. मी हवालदारांना घेऊन स्वतः गेलो. दुकान उघडे होते. मधल्या काळात लोक हळूहळू परतले होते, पण पूर्वीइतके नाही, असे हवालदारांनी मला आधीच सांगितले होते. फिर्यादी बाई दुकानात होती. तिच्यापुढे गूळ, तेल, चहापत्ती आणि साबणाच्या वड्या मांडलेल्या होत्या. बाहेर कट्ट्यावर सात-आठ माणसे बसली होती.

"काय आणलं आता?" अप्पाने विचारले. "अजून एक नोटीस?"

"वाचा," मी म्हणालो.

त्याने चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा करून पाहिला, खालच्या कडेपर्यंत नजर नेली. बाई हसली. "आता खालूनच वाचत्यात बघा अप्पा."

"वाचणारच," तो म्हणाला. "तुमच्या बिलाचं बारीक अक्षर मला कोर्टापर्यंत घिऊन गेलं."

"मोठ्यानं वाचा की, साहेब," कट्ट्यावरचा एक जण म्हणाला. त्या दिवशी मागून 'बे' म्हणणारा हाच होता, हे मला हवालदारांनी नंतर सांगितले. "सगळ्यांना कळू द्या."

मी आदेश मोठ्याने वाचला. दोन परिच्छेद होते. मग तोच माणूस उठून आत आला, पाच किलो ज्वारी आणि दोन किलो साखर बांधायला सांगितली आणि अप्पाने पुड्या बांधेपर्यंत तराजूजवळ उभा राहिला. अप्पाने वजन केले, पुड्या बांधल्या, पैसे घेतले. मोड परत दिली.

प्रत मिळाल्याची पोच अप्पाने पेनाने सही करून दिली. ती गुन्ह्याच्या कागदपत्रांत शेवटच्या पानावर लावलेली आहे.